पाळी गेली रजेवर!

आमच्या ऑफिसच्या पाचव्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये बारा खुर्च्या आहेत. सगळ्या ऑफ-व्हाइट. हा रंग ज्यानं कुणी पसंत केला तो शंभर टक्के पुरुष असणार, असं माझं जुनं मत आहे. कारण महिन्यातले सहा-सात दिवस मी त्या खोलीत शिरताना आधी खुर्चीकडे बघायचे, मग क्लायंटकडे.

गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी तिथला कॉल पावणेदोन तास चालला. काळी जीन्स, आत नाइट पॅड, तेही एकावर एक दोन. एवढा बंदोबस्त करूनही शेवटच्या वीस मिनिटांत मला कळलं होतं की काम झालंय. कॉल संपला, सगळे उठले. मी नाही उठले.

‘‘कॉफीला येतेयस ना?’’ मॅनेजरनं विचारलं.

‘‘एक मेल टाकते आणि आलेच.’’

मेल वगैरे काही नव्हता. स्क्रीनवर लंच मेनू उघडला होता. खोली रिकामी झाल्यावर मी पर्समधले वेट वाइप्स काढले, खुर्ची पुसली, ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली, स्टोल कमरेला बांधला आणि बाहेर पडले. (बारा महिने तेरा काळ गळ्यात स्टोल घालून फिरणाऱ्या मुली फॅशनसाठीच तसं करतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही माहिती!)

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं होत असताना डॉक्टरकडे का नाही गेलीस? खरं उत्तर असं, की मला हे नॉर्मल वाटत होतं. आमच्या घरात सगळ्यांच्या ‘अंगावरून खूप जातं’. आजीचं जायचं, आईचं जायचं, मावशीचं तर विचारूच नका. डोळ्यांचा रंग घारा असावा तसा हा आमचा घराण्याचा गुण! दर दीड-दोन तासांनी पॅड बदलणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, पहिल्या दोन रात्री गादीवर प्लॅस्टिक अंथरणं, पोटात असा मुरडा की हिंजवडीच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून बसायचं... याला आमच्याकडे ‘पहिले दोन दिवस जरा जड जातात’ असं म्हणतात.

आणि मग ऑफिसमध्ये रक्तदान शिबिर झालं. टीममधले सगळे निघाले, मीही गेले. रांगेत उभी राहिले, बिस्किटाच्या पुड्याकडे बघत. नर्सनं बोटाला सुई टोचली, मशीनकडे बघितलं, परत टोचली, आणि शांतपणे म्हणाली, ‘‘मॅडम, रक्त द्यायला साडेबारा लागतं. तुमचं ७.९ आहे. तुम्हालाच कुणीतरी द्यायला पाहिजे.’’

टीम खदखदून हसली. मीही हसले. बिस्किटं मात्र मिळाली.

* * *

सोनोग्राफीत निदान आलं: अ‍ॅडिनोमायोसिस. नाव ऐकून मला एखाद्या ग्रीक बेटाची आठवण झाली. ते काय असतं हे नंतर सांगते. कारण पहिल्या दोन डॉक्टरांनीही ते मला नंतरच सांगितलं होतं, म्हणजे सांगितलंच नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. वय? चौतीस. लग्न? झालंय. मूल? नाही. ‘‘मग लवकर एक करून घ्या. नंतर पिशवी काढून टाकू.’’ एकूण वेळ सात मिनिटं. मूल हवं की नको यावर मी आणि नवरा चार वर्षं चर्चा करतोय, आणि यांनी ते सात मिनिटांत प्रोजेक्ट प्लॅनमध्ये टाकूनही दिलं.

दुसरे डॉक्टर जास्त मोकळे होते. त्यांनी समोरची डायरीच उघडली. ‘‘मूल नकोच असेल तर प्रश्नच मिटला. दुर्बिणीनं करू, तीन दिवसांत घरी. दिवाळीच्या आधी उरकून टाकू या का?’’ जणू घराला रंग द्यायचा होता.

मी घरी आले आणि आईला फोन केला. आई म्हणाली, ‘‘काढायची तर काढ गं. मावशीनं नाही का काढली? सुटली एकदाची.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘पण ती बेचाळीसची होती. दोन मुलं झाली होती.’’ मग आणखी थोडं थांबून, ‘‘तू घाई करू नकोस.’’ आईच्या एका फोनमध्ये तीन मतं असतात. तिसरं बहुतेक खरं असतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मात्र ठाम होत्या. ‘‘ताई, काढा आन् मोकळं व्हा. मी नाय का काढली.’’

मावशी बीडकडच्या. पुण्यात येण्याआधी त्या नवऱ्याबरोबर दर वर्षी ऊसतोडीला जायच्या. मी विचारलं, किती वर्षांच्या होत्या? ‘‘मोठा पोरगा साळंत जायला लागला तवा. आसंल सव्वीस-सत्तावीस.’’ पोटात दुखायचं, पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाला पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. ‘‘आन् पाळीत फडावर जायचं म्हंजे... एक खाडा झाला की मुकादम पैशे कापतो. उचल घेतलेली आस्ती ना ताई.’’

२०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा मी ती बातमी चहा पिता पिता वाचली होती, ‘बापरे’ म्हणाले होते आणि पान उलटलं होतं. त्यातली एक बाई रोज सकाळी साडेसातला माझ्या ओट्याशी उभी असते, हे मला माहीतच नव्हतं.

‘‘मावशी, अंडाशयं ठेवली होती का तीपण काढली?’’ मी विचारलं. हा प्रश्न मी नुकताच नेटवरून शिकले होते.

‘‘काय की ताई,’’ त्या पोळी उलटत म्हणाल्या, ‘‘कागद कुठंयत? पन तवापासून कंबर धरती ती धरतीच. आन् अंगातून वाफा निगायच्या. लय दिवस.’’

सत्ताविसाव्या वर्षी वाफा. मी गप्प बसले.

* * *

तिसऱ्या डॉक्टर एका मैत्रिणीनं सुचवल्या. साठीच्या, कॉटनची साडी, टेबलावर पिशवीचं प्लॅस्टिकचं मॉडेल. त्यांनी आधी माझं बोलणं ऐकून घेतलं. बावीस मिनिटं! (होय, मी घड्याळ लावलं होतं. आयटीवाली आहे.)

‘‘तुझ्या फ्लॅटच्या भिंतीत कधी ओल मुरलीय?’’ त्यांनी विचारलं.

पुण्यात फ्लॅट असणाऱ्याला हा प्रश्न?

‘‘तसंच समज. गर्भाशयाला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत पडून जातं. तुझ्यात ते अस्तर शेजारच्या स्नायूच्या भिंतीत मुरलंय. तिथंही ते दर महिन्याला फुगतं. म्हणून पिशवी सुजलीय, दुखतं आणि इतकं जातं. गाठ असती तर गाठ काढली असती. ओल कशी खरवडणार? म्हणून सगळे म्हणतात भिंतच पाडा.’’

‘‘म्हणजे पाडावीच लागेल?’’

‘‘कदाचित. ते चुकीचं ऑपरेशन नाहीये. कित्येक बायकांना त्यानं आयुष्य परत मिळालंय. पण पाडलेली भिंत परत बांधता येत नाही. म्हणून तो शेवटचा उपाय. तू तर अजून पहिल्या दोन पायऱ्याही नीट चढलेली नाहीस.’’

तसं पाहिलं तर मी थोड्या चढले होते. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या झाल्या होत्या, त्यानं गाठी कमी झाल्या, मुरडा तस्साच. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या मला चालत नाहीत, कारण माझ्या मायग्रेनमध्ये आधी डोळ्यांपुढे वेडीवाकडी चमचम होते. तशा मायग्रेनवाल्यांना इस्ट्रोजेन असलेल्या त्या गोळ्या देत नाहीत, स्ट्रोकचा धोका वाढतो. (ही गोष्ट मला आजवर केमिस्टनं कधीच विचारली नव्हती. तुम्हालाही विचारली नसेल. तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा.) त्याशिवाय गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, मिरेना वगैरे. ते सर्वांत चांगलं, पण माझी पिशवी दहा-बारा आठवड्यांच्या गरोदर बाईएवढी झाली होती. एवढ्या मोठ्या पिशवीत ते टिकत नाही, निसटून बाहेर पडायची भीती.

‘‘म्हणून आधी पिशवी लहान करू,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘इंजेक्शनं. चार आठवड्यांनी एक. तीन घेऊन बघू. फार तर सहा. त्यात तुझी पाळी बंद होईल, रक्त भरून येईल. मग डोकं ठिकाणावर ठेवून ठरव. आज तुझं हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे, आज तू काहीच ठरवू नकोस. घरी नवा सोफा कुठला घ्यायचा तेसुद्धा नको.’’

एवढं मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. ज्या अशक्त, पिवळ्या बाईला दुसऱ्या डॉक्टरांनी दिवाळीपूर्वीची तारीख दिली होती, ती बाई खरं तर निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नव्हती. ती फक्त हो म्हणण्याच्या अवस्थेत होती.

* * *

आता थोडं विज्ञान. बोअर करणार नाही.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक टीम लीड बसलेला असतो. तो साधारण दर तासा-दीड तासाला खालच्या पिट्युटरी ग्रंथीला एक पिंग करतो. पिंग आला की पिट्युटरी कामाला लागते, ती अंडाशयाला कामाला लावते, आणि इस्ट्रोजेन तयार होतं. हा पिंग म्हणजे दहा अमिनो आम्लांचा एक इटुकला रेणू. १९७१मध्ये त्याची रचना उलगडली. अँड्र्यू शॅली यांचं पथक डुकरांच्या मेंदूंवर काम करत होतं आणि रॉजर गिलमन यांचं मेंढ्यांच्या, तेही हजारो हजारो मेंदूंवर. दोघं एकमेकांचे कट्टर स्पर्धक आणि १९७७चं नोबेल मात्र वाटून घ्यावं लागलं. अप्रेझलमध्ये आपलंही असंच होतं.

मला दिलेलं ल्युप्रोलाइड हे इंजेक्शन म्हणजे त्याच पिंगची जरा जास्त चिवट नक्कल. गंमत अशी की त्यानं पिंग बंद होत नाहीत, उलट सतत चालू राहतात. चोवीस तास, न थांबता. आणि जो ग्रुप दिवसरात्र टिंगटिंग करतो त्याचं आपण काय करतो? म्यूट! पिट्युटरीही तेच करते. ती ऐकणंच बंद करते. अंडाशय झोपतात, इस्ट्रोजेन तळाला जातं, भिंतीतली ओल सुकायला लागते.

म्हणजे थोडक्यात, औषधानं आणलेला तात्पुरता मेनोपॉज. हा शब्द डॉक्टरांनी मुद्दाम दोनदा उच्चारला. मी दोन्ही वेळा हसले. चौतिसाव्या वर्षी तो शब्द आपल्यासाठी नसतो ना!

मावशींनी विचारलं, ‘‘सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’चं इंजेक्शन देत्यात, त्येच का?’’ नाही. सरकारनं २०१७मध्ये सुरू केलेलं ‘अंतरा’ तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं, मूल लांबवण्यासाठी. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. माझं वेगळं. उलट डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं, पाळी बंद झाली म्हणजे कंडोम बंद करायचा असं नाही, हे इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणून धरायचं नाही. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि पैसे? मी एचआरला चॅटवर विचारलं. उत्तर आलं, स्माइलीसकट: ऑपरेशन असेल तर पॉलिसीत कव्हर्ड आहे. इंजेक्शनं ओपीडीत घेतली तर नाही. परत वाचलं. म्हणजे पिशवी काढायचे पैसे कंपनी देणार. ठेवायचे मी.

माझा पगार बरा आहे, म्हणून मी ‘ठीक आहे’ असं टाइप करू शकले.

* * *

पहिलं इंजेक्शन पाळीच्या तिसऱ्या दिवशी, कमरेखाली. पावडर आणि द्रव एकत्र हलवून देतात. दुखलं, पण वॅक्सिंगइतकं नाही. त्याच आठवड्यात शिरेतून लोहाची बाटली चढवली. आरामखुर्चीत वीस मिनिटं, हातात फोन. लोखंड चढत असताना मी रील्स बघत होते.

पहिले दहा दिवस मस्त गेले. मी तर मैत्रिणींना ‘सुटले गं’ असे मेसेजही टाकले. आणि तेराव्या दिवशी, चुलत नणंदेच्या साखरपुड्यात, मोती रंगाच्या पैठणीत...

पुढचं सांगत नाही. स्टोल पैठणीवर चालत नाही एवढंच सांगते.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा मी रडतच होते. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, सांगितलं होतं ना? म्यूट करायच्या आधी ग्रुपमध्ये एकदा गोंधळ होतोच. सुरुवातीला इस्ट्रोजेन आधी उसळतं, मग पडतं. दोन-तीन आठवडे. कळ काढ.’’ सांगितलं होतं त्यांनी. कागदावर लिहूनही दिलं होतं. मीच तो कागद बिलाबरोबर पिनअप करून फाइलला लावला होता. बऱ्याच जणी याच टप्प्यावर ‘मला सूट नाही झालं’ म्हणून दुसरं इंजेक्शन घेतच नाहीत म्हणे. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या महिन्यात पाळी आली नाही.

तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? आली नाही! तेराव्या वर्षापासून पहिल्यांदा कॅलेंडरवर एकही लाल ठिपका नाही. मी लक्ष्मी रोडवर जाऊन पांढरीशुभ्र चिकनकारी सलवार घेतली. घरात सगळ्यांना घालून दाखवली. कॉन्फरन्स रूममध्ये हवी ती खुर्ची घेतली, हवी तशी फिरवली. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२पासून महिन्याला दोन दिवस पाळीची रजा मिळते, झोमॅटोनं २०२०मध्ये वर्षाला दहा दिवस जाहीर केली तेव्हा आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्यावर कडाक्याचं भांडण झालं होतं. मी मात्र वेगळाच मार्ग काढला होता. रजेवर मी नाही, पाळीच गेली होती!

ही चैन बरोबर नऊ दिवस टिकली.

दहाव्या दिवशी स्टँडअपमध्ये बोलता बोलता छातीतून काहीतरी वर चढलं. मिसळीचा कट ठसक्यात जातो तसं, पण कानांपर्यंत. चेहरा लालबुंद, वरच्या ओठावर घाम, पाठीवरून धार. दोन मिनिटांत सगळं गेलं आणि थंडी वाजायला लागली. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘आर यू ओके? एसी वाढवू?’’ मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि लगेच एक थोबाडीत द्यावीशीही.

नेमकी तेव्हा आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. आई त्रेपन्नची. तिची पाळी जाऊन दोन वर्षं झालीत, वाफा अजून येतात. आता घरात दोन मेनोपॉज! रात्री अडीचला मी हॉलमध्ये पंख्याखाली येऊन बसायचे, तर आई आधीच तिथं. पदरानं वारा घेत.

‘‘आली का तुझी पण?’’

‘‘आली.’’

मग आम्ही दोघी फ्रिज उघडा टाकून त्याच्यासमोर उभ्या राहायचो. एका रात्री नवरा पाणी प्यायला आला, आम्हाला तसं बघितलं आणि काही न बोलता परत फिरला. शहाणा आहे.

त्या रात्रींमध्ये आई जे बोलली ते एरवी कधी बोलली नसती. शाळेत शिकवताना टेबलाच्या मागून न उठता तास घ्यायची. पाळीच्या दिवसांत मुलांना फळ्याशी बोलवून गणितं सोडवायला लावायची, म्हणून ‘मुलांकडून करून घेणाऱ्या बाई’ असं तिचं नाव झालं होतं. केंद्रप्रमुखांनी कौतुकही केलं होतं! आणि मी जन्मल्यानंतर एकदा तिचं रक्त सहावर गेलं होतं. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘‘सांगून काय करणार? शिरा खायला घातला असता.’’

वाफा हे त्यातल्या त्यात गमतीशीर प्रकरण. बाकीचं नव्हतं. झोपेचं खोबरं झालं. सकाळी बोटांचे सांधे आखडायचे. एक एक्सेल शीट उघडेना म्हणून मी वॉशरूममध्ये जाऊन अर्धा तास रडले. अंगात कोरडेपणा आला, सगळीकडे, जिथं नवऱ्याचा संबंध येतो तिथंही. त्यावर केमिस्टकडे साधं जेल मिळतं. मागायला लाज वाटते, पण मिळतं. आणि बाहेरून न दिसणारी गोष्ट म्हणजे हाडं. इस्ट्रोजेन गेलं की हाडं पातळ व्हायला लागतात, म्हणून तर ही इंजेक्शनं अशीच वर्षानुवर्षं घेता येत नाहीत. थांबवल्यावर ती झीज बरीचशी भरून येते, पण सहा महिन्यांचं कुंपण त्यासाठीच आहे.

पुढच्या इंजेक्शनच्या वेळी मी हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ‘अ‍ॅड-बॅक’ सुरू केलं. म्हणजे एका हातानं हार्मोन काढायचं आणि दुसऱ्या हातानं अगदी चिमूटभर परत द्यायचं. एवढं की हाडं आणि डोकं सांभाळलं जाईल, पण भिंतीतली ओल जागी होणार नाही. रोज एक छोटी गोळी, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. पंधरा दिवसांत वाफा दिवसाला बारावरून दोनवर आल्या. ही गोळी इंजेक्शनबरोबर पहिल्याच दिवसापासूनही देता येते, हे मला नंतर कळलं. तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा. मी उगाच इतके आठवडे फ्रिजसमोर काढले.

तिसऱ्या इंजेक्शननंतरच्या रविवारी आम्ही सिंहगडावर गेलो. मी शेवटची कॉलेजात असताना पायी चढले होते. त्यानंतर प्रत्येक वेळी ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणून गाडीनं वर. यावेळी पायथ्यापासून निघाले. दर वळणावर थांबायच्या तयारीत होते, पण पाय चालतच राहिले. धाप लागली ती सगळ्यांना लागते तेवढीच. वर पोहोचून पिठलं-भाकरी समोर आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते हार्मोनचं होतं की कांद्याचं, माहीत नाही. हिमोग्लोबिन ११.६ होतं. आठ-दहा वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. अप्रेझलमध्ये ‘लो एनर्जी’ असा शेरा मिळाला होता, त्यावर मी सहीसुद्धा केली होती.

* * *

चौथं इंजेक्शन घेतलं, कारण सोनोग्राफीत पिशवी बरीच लहान झाली होती पण डॉक्टरांना अजून थोडी हवी होती. मग निर्णयाची वेळ आली.

या इंजेक्शनांची अडचण ही की ती आजार बरा करत नाहीत, झोपवतात. थांबवली की दोन-तीन महिन्यांत पाळी परत, आणि हळूहळू ओलही परत. म्हणजे चार महिने मी विकत घेतले होते. त्या चार महिन्यांत मी आणि नवरा परत एकदा त्या चार वर्षं जुन्या चर्चेला बसलो, यावेळी मी जागी होते. उत्तर काय आलं? ‘अजून माहीत नाही’ हेच आलं. पण हे ‘माहीत नाही’ आता आमचं होतं, दिवाळीच्या तारखेचं नव्हतं. पिशवी राहणार, निदान सध्या.

इंजेक्शनचा असर असतानाच, पिशवी लहान आहे तोवर, ते हार्मोनचं साधन बसवून घेतलं. दहा मिनिटांचं काम. ‘थोडंसं दुखेल’ असं म्हणतात, ते खोटं आहे. भरपूर दुखतं, विशेषतः बाळंतपण झालेलं नसेल तर. भूल मागता येते, मागा. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतील असं सांगितलंय. यावेळी तो कागद फ्रिजवर लावलाय.

ऑपरेशन रद्द झालेलं नाही. साधन निसटलं, किंवा त्यानं भागलं नाही, तर तो पर्याय आहेच. तेव्हा अंडाशयं ठेवणार का, कशानं करणार, कागद मला मिळणार का, हे सगळे प्रश्न लिहून ठेवलेत.

मावशींना मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्या आधी नाही म्हणत होत्या, ‘‘आता काय बघायचं ऱ्हायलंय?’’ हाडांची तपासणी करून घेतली. वय त्रेचाळीस, हाडं त्याहून बरीच म्हातारी. आता त्यांची औषधं चालू आहेत. सोनोग्राफीत अंडाशयं दिसली नाहीत. डॉक्टरांनी ते त्यांना समजावून सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. रिक्षात बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘ताई, मला कुनी इचारलंच नव्हतं.’’

गेल्या आठवड्यात माझी पाळी परत आली. म्हणजे डाग. दोन दिवस, एक साधा पॅड, मुरडा नावापुरता. कॉन्फरन्स रूममध्ये खुर्ची बघायची सवय मात्र अजून गेलेली नाही. वाफा थांबल्यात, रात्री मी गाढ झोपते. आई अजून अडीचला उठते. काल मी मुद्दाम गजर लावून उठले आणि तिच्याबरोबर फ्रिजसमोर जाऊन उभी राहिले. ‘‘तुझं झालं ना आता?’’ ती म्हणाली, ‘‘मग झोप की.’’ म्हटलं, ‘‘असू दे. तहान लागलीय.’’